पाटावरची डबी

आंबेटाकळीच्या शकुंतलाबाईंना राग लवकर येतो, असं सगळं गाव सांगतं. साफ खोटं आहे ते. चाळीस वर्षं किराण्याच्या दुकानात बसून ज्या बाईनं अख्ख्या गावाची किरकिर ऐकून घेतली, तिला राग लवकर येत असता तर गावात आज निम्मी माणसं दिसली नसती. यंदाच्या दसऱ्याला मात्र आला. आणि तो का येऊ नये, हे ज्याला सांगता येत असेल त्यानं खुशाल पुढं यावं.

सुरुवात झाली खंडेनवमीच्या पूजेपासून. हिंगणी मागं टाकून बोरच्या जंगलाकडे निघालं की हे गाव लागतं. इथं नवमीला घरोघर पाट मांडतात आणि ज्याच्या जिवावर घर चालतं ते त्या पाटावर ठेवतात. शकुंतलाबाईंच्या पाटावर दुकानाचा तराजू होता, विळा होता, कुऱ्हाड होती. सून रक्षा कपडे शिवते, तिची कात्री होती. मुलगा भूपेंद्र तहसील कचेरीत कारकून, म्हणून त्याचं पेन. आणि सगळ्यांच्या मधोमध, झेंडूच्या फुलांत बसवलेली, कुंकू लावलेली फौजी डबी.

डबी म्हणजे रायफलीचं मॅगझिन. गोळ्या भरून रायफलीच्या पोटाला लावतात ती लोखंडी पेटी. आत गोळी नाही, स्प्रिंग गंजून चिकटलेली, आणि ज्या रायफलीची ती होती ती कुठल्या भट्टीत वितळली असेल देव जाणे. शकुंतलाबाईंचे यजमान पुंडलिकराव फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा जोडीदार त्यांच्या शेजारी पडला. गिरडकडचा पोरगा, घरी नुकतं लग्न ठरलेलं. त्याला खांद्यावर घेऊन पुंडलिकराव मागं आले तेव्हा स्वतःच्या पाठीत लोखंडाचे तुकडे शिरलेले आणि मुठीत ही त्याच्या रायफलीची डबी. दवाखान्यात शुद्ध आली तरी मूठ सुटेना. रायफल परत गेली, पट्टा गेला, बूट गेले, डबी कोणी मागितलीच नाही. पुढं नोकरी संपली, गावात दुकान टाकलं, तरी नवमीला पाटावर आधी डबी आणि मागून तराजू. "त्याच्या नावानं एक फूल," एवढंच म्हणायचे आणि त्या दिवशी मग कोणाशी बोलायचे नाहीत. ते जाऊन चार वर्षं झाली. फूल बाई वाहतात.

तर यंदा रक्षानं पाटाचा छान फोटो काढला आणि 'आमच्या बाबांची फौजी आठवण, जय हिंद' असं लिहून मोबाइलच्या स्टेटसवर ठेवला. आता यात वाईट काय होतं? गावच्या बायका आपल्या भाजीच्या वाटीचाही फोटो ठेवतात.

दुसऱ्या दिवशी दसरा. ओमप्रकाशची मिरवणूक निघाली. ओमप्रकाश म्हणजे आंबेटाकळीचा पुढारी. निवडून एकदाही आलेला नाही, पण चौकातला बॅनर बारमाही, आणि बॅनरवर हातात तलवार. मिरवणुकीत पोरं नागव्या तलवारी नाचवत होती, डीजेनं घरांची भांडी हलत होती, आणि हा बहाद्दर जीपच्या बोनेटवर उभा राहून आभाळाकडे बंदुकीचे बार काढत होता. बार वर जातो, पण छर्रे कधी ना कधी खालीच येतात ना! ते आले शकुंतलाबाईंच्या टिनावर. तडतड वाजले आणि घरंगळत अंगणात पडले. शेजारच्या मीराबाई सोनं द्यायला आल्या होत्या, त्या आपट्याच्या पानांसकट मटकन खाली बसल्या.

बाईंनी छर्रे वेचले, पदराच्या गाठीत बांधले आणि सकाळी दुकान न उघडता ठाणं गाठलं.

ठाण्यात सहायक फौजदार हेमराज बसला होता. ओळखीचा माणूस. त्यानं चहा मागवला, हालहवाल विचारली आणि छर्ऱ्यांकडे बघून हसला.

"काकू, सणाचा दिवस होता. लेकरं आनंदात होते."

"लेकरं? पन्नाशीचा घोडा झाला तो! मीराबाईच्या डोयात गेला असता छर्रा, मंग? लिहून घ्या माही तक्रार."

"लिहून कायले घेता? गावातली गोष्ट गावात. मी पाहून घेतो, तुमी जा निवांत."

आणि पाहिलं हो त्यानं! दुपारी पोलिसांची जीप आंबेटाकळीत आली, ओमप्रकाशच्या बंगल्यावरून सरळ पुढं गेली आणि बाईंच्या दारात उभी राहिली.

हेमराजच्या मोबाइलमध्ये रक्षाच्या पाटाचा फोटो होता. तो कुठून आला हे समजायला ज्योतिषी नको होता. रक्षाकडे गावातल्या निम्म्या बायका ब्लाउज शिवायला टाकतात, ओमप्रकाशची बायकोसुद्धा. सकाळी बाई ठाण्याच्या पायऱ्या उतरल्या असतील नसतील, तोवर त्यांच्या तक्रारीची खबर बंगल्यावर पोचली आणि बंगल्यावरून फोटो ठाण्यात. ते म्हणतात ना, खाई त्याला खवखवे, पण या गावात खाणारा ढेकर देतो आणि खवखव दुसऱ्याच्या घशात सोडतो.

पोलिसांनी देवघरातून डबी उचलली, दोन पंच उभे करून पंचनामा केला, डबी कापडी पिशवीत घालून लाखेचं सील ठोकलं. कुंकू तसंच होतं तिच्यावर.

"घर कोनाच्या नावावर आहे?" हेमराजनं विचारलं.

"माझ्या," भूपेंद्र म्हणाला. सुट्टी होती म्हणून बिचारा घरी होता. बनियनवर होता, त्याला शर्ट घालायला सांगितलं.

"हेमराजभाऊ," शकुंतलाबाईंनी त्याचा रस्ता अडवला, "डबी ओळखली नाई का तुमी?"

"मी कसा ओळखीन काकू? मी तर पहिल्यांदाच पाहून राह्यलो."

तळपायाची आग मस्तकात गेली बाईंच्या. आणि कारण ऐका.

चार वर्षांपूर्वी पुंडलिकराव गेले. त्यांच्या नावावर बारा बोरची बंदूक होती, रानडुकरं आणि रोही शेतात शिरतात म्हणून पिकाच्या राखणीचा परवाना होता. परवानेवाला गेला की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. तेरवी झाली आणि बाई स्वतः गेल्या. भूपेंद्रनं मोटरसायकलवरून ठाण्याच्या फाटकाशी सोडलं आणि तो कचेरीत गेला. तेव्हा हेमराज हवालदार होता. बाईंनी टेबलावर बंदूक ठेवली, काडतुसं ठेवली आणि मग पिशवीतून ही डबी काढून ठेवली.

"हे पन घ्या भाऊ. घरात आता फौजी नाई राह्यला. असली वस्तू आमी ठेवणं बरं नाई."

हेमराजनं डबी हातात घोळवली, उलटी केली, फुंकर मारली.

"काकू, परवान्यावर बंदूक लिहून आहे, काडतुसं लिहून आहेत. हे कायच्यात जमा करू? हे घेतलं तर हे कुठून आलं, कसं आलं, सारं मलेच लिहा लागन. कायले डोक्याले ताप! रिकामा डबा आहे हा. फौजी मानसाची आठवण आहे. देवाजवळ ठेवा."

आणि स्वतःच्या हातानं त्यानं ती परत बाईंच्या पिशवीत टाकली. देवाजवळ ठेवा म्हणाला, म्हणून बाईंनी देवाजवळ ठेवली. पोलिसाचं ऐकावं, असं पुंडलिकराव जन्मभर सांगत आले होते. आता तोच माणूस त्याच देवघरातून तीच डबी उचलतो आणि म्हणतो, पहिल्यांदाच पाहून राह्यलो!

"चार वर्षांखाली म्या आनलती तुमच्याजवळ. तुमीच परत देली."

"काकू," हेमराज पंचांकडे बघत अगदी मायेनं म्हणाला, "तुमचं वय झालं. या वयात आठवणीत गडबड होते."

शकुंतलाबाईंना आजवर गावानं भांडखोर म्हटलं होतं, तोंडाळ म्हटलं होतं. खुळी कोणी म्हटलं नव्हतं. भूपेंद्रला जीपमध्ये बसवलं तेव्हा बाई चपला घालून रस्त्यावर येऊन उभ्या होत्या, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळच्या आत वर्ध्याहून मधू वकील आला. मधू म्हणजे बाईंच्या बहिणीचा मुलगा. ठाण्याच्या वऱ्हांड्यात त्यानं बाईंना आणि रक्षाला बाकावर बसवून हळू आवाजात सांगितलं.

"मावशी, गोष्ट लहान नाई. कायद्यात बंदुकीचा सुटा भागही शस्त्रच असते. अन् हा तर फौजी रायफलीचा भाग. ते बंदीच्या शस्त्रात येते. आपल्यासारख्याले त्याचा परवाना भेटतच नाई. रिकामं असो, गंजलेलं असो, कुंकू लावलेलं असो, ज्याच्या ताब्यात सापडलं तो गुन्हेगार. शिक्षा सात वर्षांपासून पुढं."

"सात वर्षं! त्या गंजल्या डबीचे?"

"हो."

"अन् ओमप्रकाशनं आमच्या डोक्यावर बार काढले, त्याचे किती?"

"त्याची बंदूक परवान्याची आहे. पन मिरवणुकीत हवेत बार काढणं हाही गुन्हाच आहे, मावशी." मधूनं उसासा टाकला. "कोनी लिहून घेतला तर."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आपल्याकडे म्हणी उगाच नाही झाल्या, माणसं अशी वागली म्हणून झाल्या.

रक्षा तोंडाला पदर लावून रडत होती. "आई, माझ्यामुळं झालं. मी फोटो टाकला नसता तर..."

"चूप!" बाई म्हणाल्या. "पूजेचा फोटो टाकला तू. पूजा काय लपून करतात? डोये पूस अन् बस सरळ."

मधू जरा पुढं सरकला. "भूपेंद्र दोन दिवसांच्या वर कोठडीत राह्यला की नोकरीतून निलंबन आपोआप. मंग केस संपतवर पोरगा घरी, अन् केस कधी संपन कोनाले माहीत. म्हनून एकच रस्ता आहे. तुमी जबाब द्या. मावसाजीनं फौजेतून निंगताना हे चोरून आनलं, पेटीत लपवून ठेवलं, आमाले काही माहीत नव्हतं, पेटी साफ करताना सापडलं. मेलेल्या मानसावर खटला चालत नाई. सारं त्यायच्या नावावर गेलं की जित्या मानसायले सोडवता येते."

दारातून हेमराजनं मान घातली. तो सगळं ऐकत होता. "वकीलसाहेब बरोबर सांगून राह्यले, काकू. तसंच करा. मीच लिहून घेतो, साहेबायले सांगून देतो."

अरे वा! सकाळी तक्रार लिहायला याचं पेन उचलत नव्हतं, आणि आता मेलेल्याला चोर लिहायला टोपण काढून तयार! बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मान आत घेतली.

बाईंनी खिडकीतून भूपेंद्रला पाहिलं. आतल्या बाकावर तो गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता. एका दिवसात म्हातारा दिसायला लागला होता. "बाप्पा," त्यांनी हाक मारली, "ऐकलं ना मधूनं काय सांगतलं ते? तुले काय वाटते?"

भूपेंद्रनं वर पाहिलं नाही. "आई, बाबा गेले. त्यायले आता काय फरक पडते?"

हा घाव मात्र वर्मी बसला. परक्यानं म्हटलं असतं तर बाईंनी त्याचा समाचार घेतला असता. हा तर पोटचा, आणि दोष तरी त्याला काय द्यायचा? पोरगा भ्याला होता. नोकरी जाते, बायको रडते, सात वर्षं म्हणतात, कोणीही भिईल. बाईही भ्याल्या होत्या. पण मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाऊन घर वाचवायचं? ज्या माणसानं जोडीदाराचं मढं खांद्यावरून आणलं, त्याला चोर म्हणायचं, आणि तेही कोणाच्या सोयीसाठी? हेमराजच्या आणि ओमप्रकाशच्या?

"मले पडते," बाई म्हणाल्या आणि उठल्या. "चाल मधू. जबाब देतो मी."

ठाण्याचे साहेब नवीन बदलून आलेले, पोरसवदा, शहरी बोलीचे. त्यांनी बाईंना खुर्ची दिली. जबाब लिहायला बाजूच्या टेबलावर हेमराजच बसला. भूपेंद्रला समोर आणून उभं केलं.

"आजी, ही वस्तू कोणाची?"

"माह्या नवऱ्याची. पन त्यायनं चोरली नाई. जोडीदार पडला, त्याच्या हातातली घेतली. हे लिहा."

मधूनं मागून पदर ओढला. बाईंनी पदर सोडवून घेतला.

"आणि त्यांच्यानंतर कोणाच्या ताब्यात होती?"

"माह्या."

"घर तुमच्या मुलाच्या नावावर आहे."

"घर त्याच्या नावावर आहे, देवघर माह्यं आहे. चार वर्षांत त्यानं देवाले एक उदबत्ती लावली असन तर विचारा. देवघरात काय ठेवलं, काय काढलं, त्याले काय माहीत?"

भूपेंद्रची मान आणखी खाली गेली. साहेबांच्या ओठाची कड जराशी हलली, पण ते लगेच गंभीर झाले.

"आजी, विचार करून बोला. ताबा तुमचा म्हणाल तर गुन्हा तुमच्यावर येईल."

"येऊ द्या. पोराले सोडा."

"ही वस्तू घरात ठेवणं बेकायदेशीर आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

मधू जोरात खोकला. या प्रश्नाला 'नाही' म्हणायचं असतं, हे शेंबड्या पोराला कळावं एवढ्या जोरात खोकला.

"माहीत होतं," बाई म्हणाल्या. "म्हनूनच तर ठाण्यात जमा कराले आनलती."

हेमराजचं पेन कागदावर टेकलेलं होतं, ते तिथंच राहिलं.

"कोणत्या ठाण्यात?"

"याच. याच टेबलावर. आमचे हे गेले तवा बंदूक जमा कराले आलती मी. बंदूक घेतली, काडतुसं घेतली, अन् डबी परत माह्या पिशवीत टाकली. डोक्याले ताप नको, देवाजवळ ठेवा म्हने. मंग म्या ठेवली देवाजवळ. पोलिसायनं सांगतलं ते ऐकलं, हाच माहा गुन्हा."

"कोणी परत दिली?"

बाईंनी बोट दाखवलं नाही. नुसतं बाजूच्या टेबलाकडे पाहिलं.

"साहेब," हेमराज उठूनच उभा राहिला, "बाईचं वय झालं. चार वर्षं जुनी गोष्ट, मलेच आठवत नाई तर त्यायले काय आठवन? अशी वस्तू कोनी आनलीच नव्हती."

"बंदूक जमा करायला त्या आल्या होत्या ना?"

"आलत्या."

"सोबत कोण होतं?"

"कोनी नाई साहेब, एकट्याच आलत्या. पोरगा फाटकापासूनच..." आणि हेमराज थांबला.

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. "बरंच आठवतं की तुम्हाला."

बाईंना मनातून बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. चार वर्षांपूर्वीची फाटकाजवळची मोटरसायकल आठवते, आणि स्वतःच्या हातात घोळवलेली डबी तेवढी आठवत नाही!

"बसा," साहेब म्हणाले. "त्या सांगतात ते शब्दाला शब्द लिहा. तुमच्या नावासकट."

हेमराज बसला. लिहायला लागला. पेनाचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

साहेबांनी टेबलावरचं पाणी बाईंपुढं सरकवलं. "आजी, तुम्ही म्हणता ते खरं असेलही. पण वस्तू तुमच्याकडे सापडली आहे. गुन्हा मला नोंदवावाच लागेल. तुम्हाला कोर्टात यावं लागेल, वरचेवर यावं लागेल."

"येईन ना. बसनं येईन. दुकानात बसत होती, आता कोर्टात बसीन." बाईंनी पदराची गाठ सोडली आणि छर्रे साहेबांच्या टेबलावर ओतले. ते काचेवर घरंगळले, एक-दोन खाली पडले. "पन माह्या गुन्ह्यासोबत हेही नोंदवा. सकाळी आनलते, तवाही मले परतच पाठवलं. या ठाण्यातून दोन वेळा परत गेली मी, तिसऱ्यांदा जानार नाई."

साहेबांनी एक छर्रा उचलून बोटात धरला. "हे कुठले?"

"ते माह्या जबाबानंतर सांगतो. बसून आहे मी."

बाहेर रक्षाचं रडणं थांबलं होतं. भूपेंद्र भिंतीपासून सरकत सरकत आईच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला. खुर्चीच्या पाठीवर त्यानं हात ठेवला, आणि बाईंनी मागं न बघता त्या हातावर थापटलं. सात वर्षं म्हणजे किती, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. तेवढी आपल्याजवळ उरली आहेत की नाही, हेच कळत नव्हतं.

हेमराजनं कागद आणि पेन पुढं केलं. "सही करा काकू, इथं."

"आधी वाचून दाखवा."

हेमराज वाचायला लागला. बाईंचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव. लढाई, जोडीदार, डबी. एवढं सगळं त्यानं ठाण्याच्या नेहमीच्या सुरात खडखड वाचलं. 'सदर वस्तू मी ठाण्यात जमा करण्यास आणली असता' इथवर आला आणि आवाज उतरला. पुढचं वाक्य, ज्यात त्याचं नाव होतं, ते त्यानं तोंडातल्या तोंडात पुटपुटलं आणि झटकन पुढं सरकला.

शकुंतलाबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मोठ्यानं वाचा, हेमराजभाऊ," त्या म्हणाल्या. "माह्यं वय झालं ना. कमी ऐकू येते."